पाणबुडीच्या प्रतिकृतीचा रंग तारखेवरून ठरवावा

पाणबुडीच्या प्रतिकृतीला कोणता रंग द्यावा, असे कोणी विचारले की मी आधी उलट विचारतो: पाणबुडी नेमकी कोणती, आणि ती तुम्हाला कोणत्या महिन्यातली दाखवायची आहे? प्रश्न पुष्कळांना अनावश्यक वाटतो, कारण खोक्यावरच्या चित्रात सगळे दिसतच असते. परंतु लढाऊ जहाजाला कायमचा असा रंग नसतो. दर दुरुस्तीच्या वेळी, दर नव्या आदेशाबरोबर आणि कधी गोदीत जो रंग उपलब्ध असेल त्याप्रमाणे तो बदलत जातो. म्हणून रंगांच्या बाटल्या विकत घेण्यापूर्वी एक कोरा कागद घ्यावा आणि त्यावर पाणबुडीचे नाव, तिचे ठिकाण आणि शक्य तितकी नेमकी तारीख लिहावी.

आपल्या वाचकांना जवळचे उदाहरण ‘गाझी’चे. ही मूळची अमेरिकेची ‘डायब्लो’, टेंच वर्गातली, मार्च १९४५ मध्ये अमेरिकी नौदलात दाखल झालेली. १९६४ मध्ये ती भाडेकराराने पाकिस्तानकडे गेली आणि ३ व ४ डिसेंबर १९७१ च्या दरम्यानच्या रात्री विशाखापट्टणमजवळ बुडाली. मधल्या काळात तिला स्नॉर्केल, म्हणजे पाण्याखालून हवा घेण्याची नळी, बसवून तिचा डेकवरचा मनोरा नव्या घडणीचा केला गेला होता. त्यामुळे १९४५ ची ‘डायब्लो’ आणि १९७१ ची ‘गाझी’ यांचे पोलाद एकच असले, तरी त्या दोन वेगळ्या प्रतिकृती आहेत. एकीच्या मनोऱ्यावर दुसरीचा रंग चढवला, तर काम कितीही सफाईदार असले तरी ते चुकीचेच ठरते.

अमेरिकी पाणबुड्यांबाबत मोठी फारकत १९४४ च्या आसपास दिसते. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी पॅसिफिकमधल्या पाणबुड्या वरपासून खालपर्यंत काळ्या रंगवल्या जात, कारण उथळ बुडालेली काळी पाणबुडी विमानातून सहज दिसत नाही. पुढे रात्री पृष्ठभागावर राहून हल्ले करण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा क्षितिजाच्या उजेडापुढे काळी आकृती उलट ठळक उठून दिसते, हे लक्षात आले. मग उभ्या भागांना करड्या छटा आल्या आणि वरून दिसणारा डेक मात्र काळाच राहिला. हे कारण एकदा समजले की रंग कुठे बदलायचा हे पाठ करावे लागत नाही: बाजूने जे दिसते ते करडे, आकाशातून जे दिसते ते काळे.

त्याच युद्धातल्या जर्मन टाइप सात वर्गाच्या पाणबुड्यांच्या बाबतीत नौदलाच्या रंगांना नावे आणि क्रमांक होते, आणि तेच आपल्या शोधाचे खरे शब्द आहेत: हेलग्राऊ (फिका करडा) ५०, डुंकेलग्राऊ (गडद करडा) ५१, श्लिकग्राऊ (चिखलकरडा) ५८, ब्लाऊग्राऊ (निळा करडा) ५८/१. दुकानातल्या बाटलीवर नुसते ‘जर्मन ग्रे’ लिहिलेले असेल, तर ती बहुधा रणगाड्यांसाठी बनवलेली गडद निळसर छटा असते. ती पाणबुडीला लावू नये. युद्धकाळातल्या बहुतेक टाइप सात पाणबुड्यांचा तळ गडद करडा होता. लाल तळ डोळ्यांना सुंदर दिसतो म्हणून अनेक जण तो देतात, पण त्या विशिष्ट पाणबुडीचा पुरावा हाती असल्याशिवाय तसे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रंगाबरोबर साहित्याचीही तारीख जुळली पाहिजे. मनोऱ्यावरचे मोठे पांढरे क्रमांक शांतताकाळातले, ते युद्ध सुरू होताच पुसले गेले. आणि डेकवरची ८.८ सेंटिमीटरची तोफ १९४३ च्या सुमारास बहुतेक पाणबुड्यांवरून काढली गेली. क्रमांक १९३८ चा आणि विमानविरोधी तोफा १९४४ च्या, अशी जोडी मी सुबक रंगवलेल्या प्रतिकृतींवरही पाहिली आहे.

आता पुराव्याकडे वळू, कारण खरी मेहनत इथेच आहे. जुनी कृष्णधवल छायाचित्रे रंग सांगत नाहीत, उजेड सांगतात, आणि तोही फिल्मच्या स्वभावानुसार. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसत नाही. तिच्यावर लाल भाग जवळजवळ काळा उमटतो आणि निळा भाग प्रत्यक्षाहून फिका. पँक्रोमॅटिक फिल्मवर तोच लाल मध्यम करडा दिसतो. म्हणजे छायाचित्रात काळा दिसणारा तळ प्रत्यक्षात लाल असू शकतो. फिल्म कोणती होती हे ओळखण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्याच छायाचित्रात ज्याचा रंग आपल्याला निश्चित ठाऊक आहे अशी वस्तू शोधणे, आणि ती बहुतेक वेळा ध्वज असते. आपल्या ‘कुरसुरा’ या भारतीय पाणबुडीचेच पाहा. ती १८ डिसेंबर १९६९ रोजी नौदलात दाखल झाली आणि २७ फेब्रुवारी २००१ रोजी निवृत्त झाली. भारतीय नौदलाच्या ध्वजावरचा लाल क्रूस १९५० पासून ऑगस्ट २००१ पर्यंत सलग होता, म्हणजे तिची सारी सेवा त्याच एका ध्वजाखाली झाली. छायाचित्रातला तो क्रूस किती गडद आहे हे भिंगाखाली पाहावे आणि मग तळाकडे पाहावे. दोन्ही एकसारखे गडद असतील तर तळ लाल असण्याची शक्यता वाढते. क्रूस फिका आणि तळ काळाकुट्ट असेल तर ती जवळपास संपते. हीच तारीख प्रतिकृतीवर कागदी ध्वज लावतानाही उपयोगी पडते, कारण आजचा ध्वज १९७१ च्या पाणबुडीवर शोभत नाही.

वृत्तपत्रांतल्या छायाचित्रांवर मात्र विसंबू नये. इथे वडोदऱ्यात सेंट्रल लायब्ररीत मी डिसेंबर १९७१ च्या वृत्तपत्रांच्या फायली चाळल्या होत्या. छपाईच्या ठिपक्यांत करड्या रंगाच्या चार छटा एकच होऊन जातात, तेव्हा आकार आणि क्रमांक तपासण्यापुरताच त्यांचा उपयोग. संग्रहालयातल्या पाणबुडीचेही तसेच. ‘कुरसुरा’ २००२ पासून विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर लोकांना पाहता येते. झडपा, छिद्रे, वेल्डिंगच्या रेषा यांसाठी तिच्याइतका विश्वासू शिक्षक नाही. परंतु खाऱ्या वाऱ्यात उभी असलेली कोणतीही पाणबुडी टिकवण्यासाठी पुन्हा पुन्हा रंगवावी लागते, आणि तो रंग संवर्धनाचा असतो, सेवाकाळाचा नव्हे. किटमधल्या सूचनापत्रकाला मी या सर्वांनंतरचे स्थान देतो.

तळाच्या लाल रंगाविषयी थोडे सविस्तर लिहितो. शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून तळाच्या लेपात तांब्याचे संयुग घालतात. क्युप्रस ऑक्साइड मुळातच विटकरी लाल असते, म्हणून हा लाल कुंकवाकडे न झुकता वीट किंवा गेरूकडे झुकतो. तामिया या प्रतिकृतींचे रंग बनवणाऱ्या कंपनीचा एक्सएफ-९ क्रमांकाचा रंग यासाठी चांगला आरंभ आहे. तो फिका करायचा असेल तर पांढरा घालू नये, कारण मग गुलाबी छटा येते. त्याऐवजी बफ, म्हणजे एक्सएफ-५७, थेंबाथेंबाने मिसळावा.

फिका करायचा तो का, हेही समजून घेतले पाहिजे. १/३५० मापाची प्रतिकृती अर्ध्या मीटरवरून पाहणे म्हणजे खरी पाणबुडी १७५ मीटरवरून पाहणे, आणि तेवढ्या अंतरावर मधली हवा प्रत्येक गडद रंगाला थोडे धूसर करते. १/७२ मापात हेच अंतर ३६ मीटर होते, म्हणून तिथे फरक थोडाच करावा. माझा नेम असा: १/७२ साठी करड्या रंगाच्या दहा थेंबांत एक थेंब पांढरा, १/३५० साठी दोन. शुद्ध काळा मी कोणत्याच मापाला वापरत नाही. एक्सएफ-८५ हा रबरी काळा किंवा एक्सएफ-६९ हा नाटो काळा यांवर काम भागते आणि पॅनेलच्या रेषांत गडद वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग, घालायला जागा उरते. ‘कुरसुरा’ ज्या वर्गातली, त्या फॉक्सट्रॉट वर्गाची ९१.३ मीटर लांबीची पाणबुडी १/३५० मापात अवघी २६ सेंटिमीटरची होते. एवढ्याशा वस्तूवर गर्द काळा फासला की तिच्यावरचे एकही छिद्र दिसत नाही.

छटा ठरवताना उजेड कोणता आहे, याला मी फार महत्त्व देतो. माझे घर दांडिया बाजारात, जुन्या वाड्यातले, आणि कामाचे टेबल उत्तरेच्या खिडकीशी आहे. एकदा रात्री पिवळ्या बल्बखाली करडा रंग जुळवला आणि अगदी बरोबर जमला असे वाटले. सकाळी त्याच खिडकीत पाहिला तर त्यात निळसरपणा इतका होता की संपूर्ण मनोरा पुन्हा घासून काढावा लागला. तेव्हापासून मिश्रण आधी प्लास्टिकच्या पांढऱ्या चमच्याच्या पाठीवर, प्रत्यक्ष वापरायच्या त्याच प्रायमरवर फवारतो, एक दिवस वाळू देतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास खिडकीशी नेऊन पाहतो. चमच्याच्या गोलाईवर उजेड पाणबुडीच्या पाठीसारखाच पडतो, हा त्याचा सपाट पट्टीपेक्षा मोठा फायदा. अंतिम मॅट लेपही चमच्यावर द्यावा, कारण त्यानंतर गडद रंग किंचित उजळ दिसतो. जुलै-ऑगस्टमध्ये वडोदऱ्याच्या दमट हवेत लॅकरवर पांढुरकी झाक येते. त्या दिवसांत पाऊस उघडलेली कोरडी दुपार मिळेपर्यंत थांबावे.

पसंत पडलेल्या चमच्याच्या दांड्यावर मिश्रणाचे थेंब, बाटल्यांचे क्रमांक आणि पाणबुडीची तारीख कायम शाईने लिहून तो जपून ठेवावा. सहा महिन्यांनी प्रतिकृतीवर ओरखडा उमटला की तोच कामी येतो.