प्लास्टिकच्या हेल्मेट किटवर आलेला पांढरा धूसरपणा असा घालवला

भाच्याच्या पोशाखासाठी हेल्मेटचं किट घेतलं होतं. एबीएस या कडक प्लास्टिकच्या पत्र्याचे दोन भाग, कडेला जास्तीचं प्लास्टिक तसंच. सरळ कडांवर कटरने हलक्या हाताने तीन-चार वेळा रेघ ओढली आणि वाकवलं, तुकडा स्वच्छ सुटतो. डोळ्यांच्या गोलाईला मात्र रेघेच्या २-३ मिमी आत कापून उरलेलं पॉलिश पेपरनेच घासावं. तिथे घाई केली तर चीर जाते.

खरी अडचण रंगाची. पावसाळी दमट हवेत स्प्रेचा काळा चकचकीत थर दुधाळ झाला. रंगातलं उडून जाणारं सॉल्व्हंट (रंग पातळ ठेवणारा द्रव) पृष्ठभाग थंड करतं, हवेतली वाफ त्यावर जमते, म्हणून असं होतं. पुसायला थिनर किंवा अ‍ॅसिटोन अजिबात घेऊ नका, एबीएस विरघळतं. मी रंग पूर्ण वाळू दिला, १००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यासोबत फिरवला, भांड्यांच्या साबणाने धुऊन कोरडं केलं. मग उन्हाच्या दुपारी, मास्क लावून, गच्चीवर पातळ थर दिले, प्रत्येकामध्ये पंधरा मिनिटं सोडून. धूसरपणा गेला, चकाकी आली! कापलेल्या कडांना गाडीच्या दाराचं रबर बीडिंग बसवलंय, गालाला काही टोचत नाही.