शाळेतील समतेचे काम आयुष्यभर कसे चालवावे

समलिंगी, उभयलिंगी आणि ट्रान्सजेंडर विद्यार्थ्यांना शाळेत बरोबरीची वागणूक मिळावी म्हणून झटू पाहणाऱ्या शिक्षकाने आधी सोबती शोधावेत, कारण हे काम एकट्याने फार काळ रेटता येत नाही. ब्रिटनमध्ये १९७४ साली समलिंगी शिक्षक संघटित झाले, आणि पुढे त्यातूनच ‘स्कूल्स आउट’ ही संस्था आकाराला आली.

कायद्याचा मजकूर स्वतः वाचावा, हे मी विशेष आग्रहाने सांगेन. ब्रिटनमधील १९८८ च्या स्थानिक प्रशासन कायद्यातील ‘कलम २८’ने तेथील स्थानिक प्रशासनांना समलैंगिकतेला ‘प्रोत्साहन’ देण्यास मनाई केली. परंतु वर्गात या विषयावर बोलण्याचीच चोरी आहे असा समज पसरला, आणि ज्यांचा छळ होत होता ती मुले अधिकच एकाकी पडली. हे कलम स्कॉटलंडमध्ये २००० साली, तर इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ साली रद्द झाले.

वर्गात कोणी ‘गे’ हा शब्द शिवीसारखा वापरला, तर शिकवणे तिथेच थांबवून, कोणाचाही पाणउतारा न करता, तो चालणार नाही असे स्पष्ट सांगावे आणि प्रसंगाची तारखेसह नोंद ठेवावी. संगणकाचा इतिहास शिकवताना ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांच्या संशोधनाबरोबरच १९५२ साली समलिंगी संबंधांवरून त्यांना दोषी ठरवले गेले, हेही सांगावे. विद्यार्थ्याने विश्वासाने सांगितलेली ओळख मात्र त्याच्या संमतीवाचून पालकांनाही कळवू नये. त्याच्या सुरक्षिततेला धोका असेल, तरच शाळेच्या बालसंरक्षण अधिकाऱ्याची मदत घ्यावी.