कोर्स अर्धवट सोडला की पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा, त्यावर उपाय

आमच्या प्लांटच्या सेफ्टी ट्रेनिंगचा कोर्स स्टोरीलाइनमध्ये (ऑनलाइन कोर्स बनवायचं सॉफ्टवेअर) बनवलेला, स्कॉर्म १.२ मध्ये (कोर्सने एलएमएसशी कसं बोलायचं त्याचं स्टँडर्ड) पब्लिश करून एलएमएसवर (लोक जिथे कोर्स करतात आणि प्रगती नोंदली जाते ती सिस्टिम) टाकला. सुरुवातीच्या स्लाइड्सपर्यंत सगळं ओके, पण कोणी क्विझपर्यंत जाऊन शिफ्ट संपली म्हणून बंद केला की दुसऱ्या दिवशी परत "नमस्कार, स्वागत आहे" पासून सुरू, लोक वैतागले आणि शिव्या मला.

आधी सगळे ब्राउझरला दोष देत होते. मग तोच पॅकेज स्कॉर्म क्लाउडवर (असे कोर्स टेस्ट करायची साइट) टाकून लॉग बघितला तर सस्पेंड डेटा, म्हणजे कोर्स कुठे थांबला त्याची साठवलेली नोंद, फुगलेला. स्कॉर्म १.२ मध्ये त्याला फक्त ४,०९६ अक्षरांची जागा असते, आणि कुठली स्लाइड बघितली, कुठलं बटण दाबलं, काय उत्तर दिलं, सगळं त्यातच कोंबलं जातं. जागा पुरली नाही की नोंद नीट सेव्ह होत नाही आणि कोर्स पहिल्यापासून सुरू होतो.

आमचा एलएमएस स्कॉर्म २००४ ची चौथी आवृत्ती घेतो (तिथे ६४,००० चालतात), म्हणून त्यात पब्लिश केला. शिवाय नुसत्या माहितीच्या स्लाइड्सना 'रीसेट टू इनिशियल स्टेट' लावलं, म्हणजे परत आलं की स्लाइड नव्याने सुरू होते आणि तिची स्थिती साठवावी लागत नाही. फोर्कलिफ्टचा भाग वेगळाच कोर्स केला, तो तसाही सगळ्यांना लागत नव्हता.

टेस्ट करताना नवीन युजर घ्या बरं का, जुन्याच्या नावावर आधीचा अर्धवट डेटा बसलेला असतो.