टर्फवर गोल करायचे असतील तर आधी इयन रश बघा

पुण्यात बाणेरला फुटबॉलच्या टर्फवर (भाड्याने मिळणारं कृत्रिम गवताचं छोटं मैदान) आमचा रविवारी रात्री 9 ते 10 चा स्लॉट असतो आणि दरवेळी तेच, पाचातले तिघं गोलसमोर उभे राहून "पास दे ना रे" करत बोंबलतात आणि बॉल आला की पायाखालून जातो. मीही त्यातलाच. मग ऐंशीच्या दशकातल्या लिव्हरपूल या इंग्लिश क्लबच्या जुन्या मॅचेस बघायचं वेड लागलं आणि हा मिशीवाला सडपातळ वेल्श स्ट्रायकर इयन रश सापडला. 660 मॅचमध्ये 346 गोल, क्लबचा रेकॉर्ड अजून कुणी मोडलेला नाही.

सुरुवात 6 नोव्हेंबर 1982 च्या मॅचपासून करा. एव्हर्टनला त्यांच्याच गुडिसन पार्कवर 5-0, त्यात चार याचे (एव्हर्टनचा एक जण रेड कार्डवर बाहेर गेला होता, ते पण सांगून टाकतो). एकदा मजेत बघा. दुसऱ्यांदा बॉलकडे बघायचंच नाही, फक्त रश. पहिल्या गोलला लिव्हरपूलचा डिफेंडर हॅन्सन मागून बॉल घेऊन वर येतो तिथं पॉज करा आणि रश कुठंय ते शोधा, मग थोडं थोडं पुढं सरकवा. पास यायच्या आधी पाय कधी हलतात हे दिसलं की निम्मं काम झालं. आणि तेव्हा पास सुटताना डिफेंडरच्या पुढेच नाही, नुसतं बरोबरीत असलं तरी ऑफसाइड (फाउलसारखं खेळ थांबवणं) द्यायचे, तो नियम 1990 ला बदलला, म्हणजे याचं टायमिंग किती बारीक असेल बघा.

टर्फवर ऑफसाइड नसतो म्हणून आपण आळशी होतो. तसं नको, डिफेंडरच्या पाठीमागं असं उभं राहा की त्याला बॉल आणि तुम्ही एकदम दिसणार नाही, आणि आपल्या माणसाने मान वर केली रे केली की पहिली दोन पावलं जोरात टाका. प्रॅक्टिसला एक मित्र आणि दोन चपला पुरतात, एक चप्पल म्हणजे डिफेंडर, दुसरी गोलचा कोपरा. शॉट खाली आणि कोपऱ्यात. वरच्या जाळीत बॉल हाणून स्लॉटची पाच मिनिटं घालवणाऱ्याला पुढच्या वेळी बोलावू नका.

आता ज्याचा सगळ्यांना कंटाळा येतो ते. बॉल गेला की रश स्वतः डिफेंडरच्या मागं धावायचा, आणि त्या काळी बॅकपास (आपल्याच माणसाने मागे दिलेला बॉल) कीपर हातात घेऊ शकायचा (1992 पर्यंत), म्हणजे बरेचदा ती धाव फुकटच जायची, तरी हा पळायचाच. तुम्ही नुसतं पाच सेकंद पळा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा दहा मिनिटांत जीभ बाहेर आली, पण सकाळी मिसळीवर दोन वेळा तर्री घेतली होती, रशचा काही दोष नाही.

आणि गंमत म्हणजे लिव्हरपूलची प्रॅक्टिससुद्धा बरीचशी फाइव्ह-अ-साइडच (पाच विरुद्ध पाच) असायची, जुने मॅनेजर शँकलींच्या काळापासून, पास दे आणि हल, बस. 1983-84 ला मॅनेजर फेगनच्या हाताखाली लीग, लीग कप आणि युरोपियन कप तिन्ही जिंकले, रशचे त्या एका सीझनला 47 गोल. तेव्हा आपण पण पंधरा मिनिटं दोन टचचा नियम (बॉलला दोनदाच पाय, मग पास) लावायचा. भांडणं होणार, कुणीतरी "मी काय शाळेत आलोय का" म्हणणार, म्हणू दे.

फक्त गोलसमोर हा नियम सोडा. चेस्टरकडून 3 लाख पौंडाला आणलेल्या रशचा पहिल्या सीझनला गोलच नव्हता, तेव्हाचे मॅनेजर बॉब पेसलींनी त्याला स्वार्थी हो म्हणून सांगितलं, हे तो स्वतःच सांगतो. त्यामुळे इतर ठिकाणी कितीही सज्जन असा, समोर फक्त कीपर असेल तर पास द्यायचा नाही.

गेल्या रविवारी मी हे सगळं केलं, डिफेंडरच्या पाठीमागून निघालो, बॉल खाली कोपऱ्यात, मोज्यात रबराचे दाणे टोचतायत तरी ओरडत पळालो, आणि वळून बघतो तर पुढच्या स्लॉटवाले आत शिरलेले, टाइम संपला होता म्हणून गोल धरलाच नाही.