अस्वलाले कामाले कसं लावाचं (उन्हाळ्यात तं नक्कीच)

पिंजऱ्यातलं अस्वल एकाच पट्ट्यात येरझारा घालते, मुंडकं हलवत राह्यते अन् पाहाले आलेले लोक म्हंतेत पाहा कसं नाचून राह्यलं. नाचत नाई भाऊ, ते बोर झालं असते. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क झूमधला गस नावाचा पोलर बेअर 1994 च्या सुमारास टाक्यात सारखा इंग्रजी आठचा आकडा काढत पोहत राहाचा, मंग ट्रेनर बोलावला, मासे बर्फात गोठवून देणं सुरू केलं, खाणं लपवून ठेवलं, तवा कुठं ते कमी झालं. आयतं ताट ठेवलं की संपलं काम, अन् काम संपलं की येरझारा.

आपल्या इकडचं अस्वल उधई (वाळवी) खाणारं. त्याले वरचे मधले दोन दात नसतेत, वारुळावर पह्यले फुंकर मारून माती उडवते, नाकपुड्या बंद करते अन् ओठाचा नळा करून उधई ओढते, आवाज पार लांब जाते. तं तेच काम त्याले द्या. बाभळीचा चांगला जड ओंडका घ्या (हलका असला तं उचलून घेऊन जाते), औषध मारलेला नको, खिळा तं एकबी नको, त्याले बोटभर रुंद खोल भोकं पाडा, आत मध टाका अन् तोंड केळाच्या लगद्यानं बुजवा. दोन अस्वलं असतील तं ओंडके तीन ठेवा, नाईतं भांडण ठरलेलं.

मे मधे पारा 45 च्या वर गेला की टरबुजाच्या फोडी बादलीत पाणी टाकून गोठवा, रसवंतीवाल्याकडचा बर्फ नको, तो पेयाच्या पाण्याचाच असते असं नाई. मार्च-एप्रिलात ताजी मोहफुलं वाळल्या पाल्याखाली मूठमूठ पसरून द्या, आंबलेला मोहा मात्र नको, तो कोणाले लागते ते गावात सर्वांले माहीत आहे.

टाइम रोज बदलवा, नाईतं ठरल्या वेळेच्या आधीपासूनच गेटपाशी चकरा सुरू होतेत. हे सगळं रोजच्या खुराकातूनच कापाचं, वरून नाई, मधाचं किती ते डॉक्टरले इचारून घ्या. अन् ओंडका ठेवाले आत जाण्याआधी अस्वल रात्रीच्या खोलीत आहे का ते डोळ्यानं पाहा, कुलूप हातानं ओढून पाहा, दुसऱ्यानं लावलं म्हणे म्हणून जाऊ नका.

ओंडक्याले मुंग्या लागल्या तं धुवत बसू नका, त्याबी खाते ते.