गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना व्यसनमुक्तीचे प्रशिक्षण: आखणी कशी करावी

दिल्लीच्या एम्सच्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार भारतातील १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के लोक दारू पितात. मात्र दारूवर पूर्णपणे अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कोणता ना कोणता उपचार मिळतो. हे अंतर मानसोपचारतज्ज्ञांच्या बळावर भरून निघणारे नाही, कारण बहुतेक तालुक्यांत तो तज्ज्ञच नसतो. तिथे पोहोचते ती आशा सेविका, अंगणवाडी सेविका, बचत गटाची अध्यक्षा किंवा एखाद्या संस्थेचा क्षेत्रीय कार्यकर्ता. या मंडळींना व्यसनाविषयी प्रशिक्षण दिले जातेच, पण ते बहुधा एका दिवसाचे असते: दीपप्रज्वलन, दोन व्याख्याने, एक चित्रफीत आणि प्रमाणपत्र. त्यातून माहिती मिळते, काम करता येत नाही. वीस-पंचवीस कार्यकर्त्यांच्या गटासाठी प्रशिक्षण आखणाऱ्या संस्थांना उपयोगी पडावे, या हेतूने पुढील मांडणी केली आहे.

सलग पाच दिवस घेण्याऐवजी आधी तीन दिवस, मग महिनाभर प्रत्यक्ष काम आणि त्यानंतर दोन दिवस अशी विभागणी करावी. महिनाभरात कार्यकर्ते खरे प्रश्न घेऊन परत येतात आणि दुसऱ्या टप्प्यातले दोन दिवस पहिल्या तीन दिवसांपेक्षा अधिक शिकवून जातात.

भूमिकेची सीमा आधी ठरवावी

कार्यकर्त्याची कामे चार आहेत: समस्या वेळेवर ओळखणे, थोडक्यात पण नेमके बोलणे, योग्य ठिकाणी पोहोचवणे आणि उपचारानंतर सोबत राहणे. औषध देणे, निदान करणे किंवा घरच्या घरी दारू सोडवणे ही त्याची कामे नाहीत, हे पहिल्याच सत्रात स्पष्ट करावे. दारूबंदीच्या आंदोलनाचा प्रश्न याहून नाजूक आहे. सकाळी महिलांबरोबर हातभट्टी फोडायला गेलेली कार्यकर्ती संध्याकाळी त्याच अड्ड्यावरच्या माणसाला ‘मनातलं सांगा’ म्हणू लागली, तर तो सांगणार नाही. दोन्ही कामे आवश्यक आहेत, पण ती शक्यतो वेगवेगळ्या माणसांनी करावीत. गडचिरोलीत २०१६ पासून चालणाऱ्या ‘मुक्तिपथ’ अभियानात गाव संघटना अवैध विक्रीविरुद्ध काम करतात आणि उपचारासाठी स्वतंत्र क्लिनिकही चालतात. अशी विभागणी लहान संस्थेलाही जमण्यासारखी आहे.

निवड करताना व्यसनातून बाहेर आलेल्या व्यक्तींना आवर्जून घ्यावे. त्यांच्या शब्दाला जे वजन असते, ते कोणत्याही पदवीला नसते. मात्र स्वतःची कहाणी सांगणे म्हणजे समुपदेशन नव्हे, आणि ‘मी असा सुटलो म्हणून तूही असाच सुटशील’ हा आग्रह समोरच्याला दूर लोटतो, हे त्यांना स्वतंत्रपणे शिकवावे लागते.

पहिला विषय: अचानक दारू सोडण्यातला धोका

बहुतेक अभ्यासक्रम ‘व्यसन म्हणजे काय’ येथून सुरू होतात. सुरुवात धोक्यापासून करावी, असे माझे मत आहे, कारण अर्धवट शिकलेला कार्यकर्ता उत्साहाच्या भरात एखाद्याला शपथ घालून आजपासून दारू बंद करायला लावतो आणि तेच त्या माणसाच्या जीवावर बेतू शकते. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याचे शेवटचे पिणे थांबल्यानंतर साधारण सहा ते आठ तासांत हात थरथरणे, घाम, मळमळ आणि अस्वस्थता सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फीट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो: माणूस नसलेले किडे झटकू लागतो, समोर नसलेल्या माणसांशी बोलतो, वेळ-ठिकाण विसरतो, ताप आणि नाडी वाढते. गावात याला अनेकदा बाहेरची बाधा समजले जाते आणि देवऋषाकडे नेण्यात मोलाचे तास जातात. कार्यकर्त्याला एवढे पाठ असावे: रोज पिणारा, सकाळी उठल्या उठल्या प्यावी लागणारा, पूर्वी फीट आलेला, यकृताचा आजार असलेला किंवा वय झालेला माणूस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दारू सोडेल, आणि भ्रम किंवा फीट दिसताच १०८ क्रमांकावर फोन करायचा. रुग्णालयात अशा रुग्णाला शामक औषधांबरोबर थायमिन हे जीवनसत्त्वही देतात. ते ग्लुकोजच्या सलाईनआधी किंवा निदान सोबत दिले जावे लागते, म्हणून रुग्ण दारू पिणारा आहे, ही माहिती लाजेपोटी डॉक्टरांपासून लपवू नये, असे घरच्यांना बजावावे.

याच सत्रात गुपचूप देण्याच्या औषधांविषयी बोलावे. ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती वाचून अनेक घरांत भाजीत किंवा चहात पूड मिसळली जाते. तिच्यात काय आहे, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते. त्यात डायसल्फिराम, म्हणजे दारूशी संयोग झाल्यास त्रास घडवणारे व्यसनमुक्तीचे औषध, असेल आणि माणसाने वर दारू घेतली, तर चेहरा लाल होणे, उलट्या, छातीत धडधड आणि रक्तदाब कोसळणे हे सारे घडू शकते. हे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यायचे असते. सोडवू पाहणाऱ्या बायकोला किंवा आईला या चुकीबद्दल दोष न देता ते थांबवायला कसे सांगावे, याचा सराव करून घ्यावा.

गर्द किंवा इतर अफूजन्य पदार्थांच्या बाबतीत धोका उलट्या बाजूने येतो. ते सोडताना होणारा त्रास असह्य असला, तरी सहसा जीवघेणा नसतो. परंतु काही आठवडे बंद ठेवल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते आणि माणसाने जुनीच मात्रा पुन्हा घेतली, तर श्वास बंद पडू शकतो. उपचार केंद्रातून किंवा तुरुंगातून नुकत्याच सुटलेल्यांवर म्हणूनच विशेष लक्ष ठेवावे.

मोजायला शिकवणे

जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची प्रश्नावली कार्यकर्त्यांसाठी पुरेशी आहे. एकूण गुण ० ते ४०. ढोबळमानाने ८ किंवा अधिक गुण म्हणजे धोक्याचे पिणे, आणि २० किंवा अधिक म्हणजे अवलंबित्वाची दाट शक्यता व तातडीने डॉक्टरांकडे पाठवण्याची गरज. प्रश्न सोपे आहेत, मोजमाप अवघड आहे, कारण प्रश्नावलीतले ‘एक ड्रिंक’ म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, आणि आपल्याकडे कोणी ड्रिंकमध्ये हिशेब करत नाही.

म्हणून एक तास केवळ हिशेबाला द्यावा. फळ्यावर मांडून दाखवावे: १८० मिलिलिटरची विदेशी मद्याची क्वार्टर, ४२.८ टक्के अल्कोहोल, म्हणजे सुमारे ७७ मिलिलिटर अल्कोहोल, वजनात साधारण ६१ ग्रॅम, म्हणजे सहा ड्रिंक. नाइन्टी म्हणजे तीन. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली म्हणजे चार. आता समजा, रोज एक क्वार्टर घेणारा माणूस ‘फक्त एकच घेतो’ असे म्हणाला आणि कार्यकर्तीने ‘एक’ लिहिले. पहिल्या प्रश्नाला (किती वेळा) ४ गुण, दुसऱ्याला (किती) ०, तिसऱ्याला (एका बैठकीत सहा किंवा अधिक) ०; एकूण ४. बरोबर हिशेब केल्यास तेच गुण ४, २ आणि ४, म्हणजे एकूण १० होतात. पहिल्या तीन प्रश्नांतच माणूस सुरक्षित गटातून धोक्याच्या गटात जातो. हातभट्टीच्या दारूचे प्रमाण ठरलेले नसते. तिथे ग्लास, पिशवी किंवा खर्च होणारे पैसे नोंदवावेत आणि पुढच्या प्रश्नांवर, म्हणजे सकाळी लागणारी दारू, विसरलेली कामे, झालेल्या जखमा यांवर, अधिक भर द्यावा.

तंबाखूसाठी इतका खटाटोप नको. खर्रा, मावा, मशेरी किंवा विडी यांतले काय आणि दिवसातून किती वेळा, हे प्रत्येक भेटीत विचारावे, सोडण्याचा स्पष्ट सल्ला द्यावा आणि तयारी असेल तर १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन द्यावी. मशेरी लावणाऱ्या स्त्रियांना कोणी विचारतच नाही. त्यांना मुद्दाम विचारावे.

बोलणे

प्रेरणात्मक संवादाचे तत्त्व असे, की बदलाची कारणे कार्यकर्त्याने सांगायची नसून समोरच्याच्या तोंडून यायला हवीत. उपदेश करण्याची सवय आपल्याकडे फार खोल रुजलेली असल्यामुळे हे तत्त्व ऐकून पटते आणि पाच मिनिटांत विसरले जाते. त्यामुळे व्याख्यान टाळून तिघांचे गट करावेत: एक पिणारा, एक कार्यकर्ती, एक निरीक्षक. निरीक्षकाने फक्त दोन गोष्टी मोजाव्यात: कोण किती वेळ बोलले आणि किती वेळा सल्ला दिला गेला. नमुना म्हणून असा संवाद वाचून दाखवता येईल:

‘भाऊ, बीपी तपासताना मी सगळ्यांनाच दारूचं विचारते, तुम्हालाही विचारू का?’
‘विचारा की. रोज थोडी घेतो, अंग दुखतं म्हणून.’
‘दिवसभर ऊसतोडीनंतर अंग दुखणारच. घेतल्यावर बरं वाटतं, हे समजलं. आणि न पटणारं काही आहे का त्यात?’
‘पोरगी बोलत नाही आता माझ्याशी.’
‘ते तुम्हाला लागलंय.’

कार्यकर्तीने इथे थांबायचे असते. बहुतेक जणी मात्र याच क्षणी ‘मग सोडून द्या ना’ म्हणतात आणि संवाद संपतो.

अशा साध्या, प्रशिक्षित माणसांचे बोलणे उपयोगी पडते का, याचे उत्तर गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेच्या अभ्यासाने दिले आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांना वैद्यकीय शिक्षण नसलेल्या समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार भेटी दिल्या. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के पुरुष धोक्याच्या पातळीखाली आले होते, नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. या समुपदेशकांच्या संभाषणांचे ध्वनिमुद्रण करून ते गटात ऐकले जाई आणि सहकारी त्याला गुण देत. ही शेवटची गोष्ट उचलावी. रुग्णाची लेखी परवानगी घेऊन महिन्यातून एक संभाषण जरी गटात ऐकले, तरी कौशल्य टिकते.

घरचे लोक

पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालवला. घरच्यांना स्वतःचा आधार हवा, ही जाण त्यामागे आहे. प्रशिक्षणात हा विषय शेवटच्या अर्ध्या तासात उरकू नये. पिणारा उपचाराला तयार नसला, तरी पत्नीबरोबर काम सुरू करता येते: पैसे कुठे ठेवायचे, नशेत वाद का घालू नये, मुलांना काय सांगायचे. मारहाण होत असेल, तर ‘तो दारू सोडेल तेव्हा थांबेल’ असे कधीही म्हणू नये. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखालील संरक्षण अधिकारी आणि १८१ ही महिला हेल्पलाइन यांची माहिती द्यावी. आत्महत्येचा विचार मनात येतो का, हे पिणारा आणि घरचे दोघांनाही थेट विचारावे; विचारल्याने विचार पेरला जात नाही.

पाठवायचे कुठे

प्रशिक्षणाआधीच आयोजकांनी जिल्ह्याची यादी स्वतः फिरून तयार करावी: जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाचे वार, जवळची केंद्रे, अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या मराठी बैठका. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आणि १४४१६ ही टेलि-मानस या फोनवरील मानसिक आरोग्य सल्ल्याची सेवा कार्यकर्त्यांनी वर्गातच फोन लावून पाहावी. निवासी केंद्र पाहताना नोंदणी, डॉक्टरांच्या भेटी, नातेवाइकांना भेटू देणे आणि रुग्णाला स्वतः तक्रार करता येणे, या गोष्टी तपासाव्यात. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक आजारांनाही लागू होतो आणि रुग्णाला साखळीने बांधण्यास त्यात मनाई आहे. ‘रात्री गाडी येते आणि उचलून नेते’ अशी ख्याती असलेल्या ठिकाणी, कुटुंबाने कितीही गळ घातली तरी, कोणालाही पाठवू नये.

शाळा, आणि उपचारानंतरचे वर्ष

प्रतिबंधाच्या कामात रॅली, कवटीची चित्रे आणि काळ्या फुप्फुसांचे फोटो यांवर वेळ घालवू नये. संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिबंधविषयक मानकांतही नुसती भीती दाखवणे निष्प्रभ मानले आहे. मुलांना नकार देण्याचा, रागावर काबू ठेवण्याचा सराव आणि पालकांबरोबरच्या बैठका यांचा उपयोग अधिक होतो.

उपचारानंतर पहिले तीन महिने दर आठवड्याला आणि त्यानंतर वर्षभर महिन्याला भेट असावी. त्या माणसाबरोबर बसून धोक्याच्या दिवसांचे कॅलेंडर करावे: आठवडी बाजार, उचल मिळण्याचा दिवस, पोळा, शिमगा, भावकीतले लग्न. त्या दिवशी तो कुठे असेल आणि कोणाला फोन करेल, हे आधी लिहून ठेवावे. पुन्हा प्यायल्यास ‘सगळं वाया गेलं’ असे न मानता काय घडले, हे विचारून दुसऱ्याच दिवशी कामाला लागावे. मात्र रोजचे पिणे पुन्हा सुरू झाले असेल, तर अचानक बंद करण्याचा धोकाही परत आलेला असतो.

पुढचे शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्यांना बंगळुरूच्या निम्हान्समधील व्यसन-उपचार विभागाचे अभ्यासक्रम आणि कोलंबो योजना या आंतरराष्ट्रीय संघटनेअंतर्गत तयार झालेला सार्वत्रिक उपचार अभ्यासक्रम सुचवावेत.

प्रशिक्षणाचे मूल्यमापन सहा महिन्यांनी नोंदवही उघडून करावे. किती सभा झाल्या, हा रकाना तिच्यात नसला तरी चालेल; किती जणांचे ऑडिट गुण घेतले, वीसच्या वरच्या किती जणांना डॉक्टरांपर्यंत प्रत्यक्ष सोबत नेले, आणि त्यांच्यापैकी किती जणांची तिसऱ्या महिन्यातली भेट झाली, हे तीन रकाने मात्र भरलेले असावेत.