डोंगा उलटल्यावर भरपाईसाठी काय काय जमवून ठेवायचं

सगळ्यात पहिले हे पाहा की पोलिसांनी नेमकं लिहिलं काय. नदीत माणूस गेला की ठाण्यात बहुतेक वेळा अकस्मात मृत्यू म्हणून मर्ग दाखल होते अन् घरच्यांना वाटते केस झाली. कुठं झाली बाप्पा! मर्गात माणूस कशानं गेला एवढंच पाहतात, चूक कोणाची हे त्यात येत नाही. डोंग्यात जास्त माणसं कोंबली होती, फळी सडली होती, नावाडी पिऊन होता, असं काही असेल त वेगळी लेखी तक्रार द्या अन् एफआयआर मागा. भारतीय न्याय संहितेचं कलम २८४ यासाठीच आहे, भाडं घेऊन धोक्याच्या नाहीतर जास्त भरलेल्या नावेतून लोकं नेणं, अन् निष्काळजीपणानं जीव गेला त कलम १०६. एफआयआरची नक्कल तक्रारदाराला फुकट मिळते. तक्रारीत घाट, वेळ, माणसं किती, लाइफ जॅकेट होते का, सगळं लिहा, नुसतं "नाव बुडाली" लिहून सही ठोकू नका.

त्याच दिवशी कोणाला तरी घाटावर पाठवून डोंग्याचे फोटो काढून घ्या, फुटलेली फळी, नंबर असेल त नंबर, जॅकेटं कुठं पडले आहेत ते पण, कारण दुसऱ्या दिवशी तिथं नवे जॅकेट लटकलेले दिसू शकतात! इंजिनची बोट असेल त २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे तिची नोंदणी, तपासणी अन् विमा पाहिजे, ते कागद मालकाकडे आहेत का हे तक्रारीतच विचारा.

जखमी असेल त दवाखान्यात एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची नोंद, झालीच पाहिजे. अन् इथं आपलेच लोकं घोळ करतात, पोलिसांची झंझट नको म्हणून सोबतचा माणूस डॉक्टरला सांगते "पायरीवरून पडला", ते केसपेपरवर चढते अन् पुढं वकील काही म्हणो, समोरचा तोच कागद दाखवते. नाव उलटूनच लागलं हे लिहून घ्या. बिलं, डिस्चार्ज कार्ड, एक्सरे एका पिशवीत ठेवा, हात-पाय कायमचा गेला त जिल्हा रुग्णालयातून अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढा.

मंग प्रश्न येते की डोंग्यात तुम्ही कोण म्हणून बसले होते, कारण त्यावरून ठरते कोणत्या दारात जायचं. रामटेकजवळच्या खिंडसी तलावासारख्या ठिकाणी तिकीट काढून बसले असाल त जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षं, केस आपल्या राहत्या जिल्ह्यातही टाकता येते, अन् फी तिकिटाच्या रकमेवर ठरते, म्हणजे शंभराच्या तिकिटावर लाखांची भरपाई मागितली तरी फी शून्य. तिकीट भिजलं असेल त फोनपेचा स्क्रीनशॉट चालते. तिकिटामागं "स्वतःच्या जबाबदारीवर" छापलं आहे म्हणून मालक आपोआप सुटत नाही.

मजुरीला जात असाल त गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. २३ जानेवारी २०२४ ला चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ वैनगंगेत मिरची तोडायला निघालेल्या बायांचा डोंगा उलटला, असल्या वेळी डोंगा कोणी ठरवला, मुकादमानं की बायांनी स्वतः, हे फार महत्त्वाचं ठरते. म्हणून मुकादमाचे कॉल, मजुरीची चिठ्ठी, सोबतच्या बायांची नावं जपून ठेवा. कामगार भरपाईचा दावा दोन वर्षांत टाकावा लागते, पण तो कायदा सगळ्याच कामांना लागत नाही अन् मालकावर एकाच अपघातासाठी हा दावा अन् दिवाणी दावा दोन्ही चालत नाही, त आधी वकिलाला विचारा. तालुका विधी सेवा समिती कोर्टातच बसते, बाईला तिथं उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळते, फोन १५१००.

शेतकऱ्याच्या घरचं असेल त गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना आहे, वय १० ते ७५, मृत्यूला २ लाख, अन् सातबाऱ्यावर नाव नसलेला घरातला एक माणूसही बसते. पण मुदत ३० दिवस! तेरवी होईपर्यंत अर्धा महिना असाच जाते, म्हणून दुःखात का असेना, एका जाणत्या पोराला हेच काम द्या. सातबारा, तलाठ्याकडची सहा-क ची वारस नोंद, मृत्यूचा दाखला, वयाचा पुरावा, पंचनामा, पीएम रिपोर्ट घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जायचं. दुसऱ्या सरकारी योजनेतून पैसे घेतले असतील त तिथं आधीच विचारून घ्या. ढिवर बांधवांनी मच्छीमार संस्थेत गट विमा आहे का पाहावं, त्यात मृत्यूला ५ लाख आहेत. अन् बँकेच्या पासबुकात मे-जूनमध्ये २० रुपये कटलेले दिसले त तो प्रधानमंत्री सुरक्षा विमा, म्हणजे अपघाताचा विमा, २ लाखांचा, त्यालाही ३० दिवसच.

या गडबडीत मालकाचा माणूस सरपंचाला घेऊन येईल, पंचवीस-तीस हजार अन् शंभराचा स्टँप पेपर, "पुढं काही मागणार नाही". पैसे घ्यायचे की नाही ते तुमचं तुम्ही पाहा, पण वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

अन् प्रत्येक कागदावरचं नाव आजच जुळवून पाहा. आधारावर एक, सातबाऱ्यावर दुसरं, दाखल्यात बापाचं नावच गायब, असं असेल त आधी ते दुरुस्तीला टाका, कारण फाइल सगळ्यात जास्त तिथंच अडकते.